सेमिपालातिन्स्कचं पॉलिगॉन : तपासलं सगळ्यांना, सांगितलं कुणालाच नाही

रानजाई
२९ ऑगस्ट आला की अणुचाचणीविरोधी दिनाच्या चार ओळी पेपरात आतल्या पानावर येतात, पण नेमकी हीच तारीख का हे त्यात बहुतेक वेळा नसतंच. म्हणून हा धागा काढतेय. माझ्या टीममधे सेमेईची (म्हणजे पूर्वीचं सेमिपालातिन्स्क, २००७ मधे नाव बदललं) एक मुलगी आहे, तिच्याशी बोलता बोलता विषय निघाला आणि मग मी गेले काही महिने जे मिळेल ते वाचत सुटले.

तर २९ ऑगस्ट १९४९ ला सकाळी सात वाजता सोव्हिएत युनियनने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला, सुमारे २२ किलोटनचा, कझाकस्तानच्या ईशान्येला इर्तिश नदीच्या दक्षिणेला जो मोठा गवताळ माळ आहे तिथे. आणि १९९१ मधे त्याच तारखेला ते मैदान कायमचं बंद झालं. मधल्या ४० वर्षांत ४५६ चाचण्या, त्यातल्या ११६ जमिनीवर किंवा हवेत आणि ३४० जमिनीखाली. मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं तेवढं नाही हं ते, १८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आपल्याकडचा सगळ्यात मोठा जिल्हा नगर (आता अहिल्यानगर), त्याच्यापेक्षाही मोठं. तिथले लोक त्याला नुसतं पॉलिगॉन म्हणतात.

सगळा अणुप्रकल्प स्टालिनचा उजवा हात असलेल्या बेरियाच्या हाताखाली होता आणि जागा निवडताना कागदावर ती जवळजवळ निर्मनुष्य म्हणून दाखवली गेली. तशी ती नव्हती. आजूबाजूला डोलोन, सारझाल, कायनार, कारौल अशी गावं होती, मेंढ्या आणि घोडे घेऊन माळावर फिरणारी माणसं होती. कझाकांचा सगळ्यात मोठा कवी अबाई ज्या चिंगिझ डोंगरांत वाढला तो मुलुख अगदी पॉलिगॉनला लागून. पहिल्या स्फोटाच्या दिवशी वारा जोराचा होता, ढग ईशान्येला सरकला आणि डोलोनवरून गेला. कुणालाही हलवलं नव्हतं, कुणाला काही कळवलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. १९५७ मधे सेमिपालातिन्स्कमधे एक दवाखाना उघडला, नाव काय तर ब्रुसेलोसिस प्रतिबंधक दवाखाना क्रमांक ४. ब्रुसेलोसिस म्हणजे गुराढोरांकडून माणसाला होणारा ताप, पशुपालकांच्या भागात असा दवाखाना असणं कुणालाही खटकणार नाही. प्रत्यक्षात तिथलं काम होतं किरणोत्सर्गाचा माणसांवर काय परिणाम होतोय ते बघायचं. गावातल्या लोकांना बोलवायचे, रक्त घ्यायचे, तपासायचे, नोंदी करायचे आणि त्या मॉस्कोला. ज्याचं रक्त घेतलं त्याला रिपोर्ट नाही. दोन-दोन पिढ्या तपासल्या गेल्या आणि आपल्याला नेमकं काय झालंय हे त्यांना पेरेस्त्रोइकापर्यंत (गोर्बाचेव्हच्या काळातल्या सुधारणा) कुणी सांगितलं नाही. बॉम्ब बनवण्याची घाई मी एक वेळ समजू शकते, हिरोशिमाला चारच वर्षं झाली होती. पण हे नाही समजू शकत.

ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला प्लीज.

मी_शर्वरी
बापरे. काहीच माहीत नव्हतं यातलं. चेर्नोबिल सगळ्यांना पाठ असतं पण हे नाव मी पहिल्यांदा वाचतेय. वाचतेय, अजून लिही.

किरण_प
चांगला धागा. मी बरीच वर्षं मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमधे काम केलंय त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहितो.

फॉलआउट म्हणजे आकाशातून राख पडली आणि भाजले, एवढंच नसतं. बॉम्ब जमिनीच्या जवळ फुटला की आगीचा गोळा जमिनीला टेकतो, टनावारी माती वर खेचली जाते, स्फोटातले किरणोत्सर्गी तुकडे त्या मातीच्या कणांना चिकटतात आणि ते जड कण वाऱ्याच्या दिशेने काही तासांत खाली येतात. तोच बॉम्ब उंचावर फोडला तर जवळपासचा फॉलआउट खूपच कमी, बारीक कण वरच्या वातावरणात जाऊन जगभर पसरतात. सेमिपालातिन्स्कला तीसेक स्फोट जमिनीवरचे होते आणि गावांवर जो डोस बसला त्यातला बराचसा त्यातल्या मोजक्याच स्फोटांचा आहे, १९४९ चा पहिला, १९५१ चा, १९५३ चा हायड्रोजन बॉम्ब, १९५६ चा, असे.

आता ते शरीरात जातं कसं. आयोडिन-१३१ चं अर्धं आयुष्य ८ दिवसांचं. गवतावर पडलं, जनावराने खाल्लं, दोन-तीन दिवसांत दुधात उतरलं, आणि तिथे दूध म्हणजे गाईचंच नाही तर घोडीचं आंबवलेलं दूध, कुमिस, उन्हाळ्यात सगळं घर तेच पितं. लहान मुलांची थायरॉइड ग्रंथी छोटी आणि दूध पिण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे तेवढ्याच आयोडिनचा डोस त्यांच्या ग्रंथीला मोठ्यांच्या कितीतरी पट बसतो. आम्ही हेच आयोडिन-१३१ थायरॉइडच्या पेशंटला औषध म्हणून देतो, मायक्रो-मिली मोजून, आणि पेशंटला सांगतो की काही दिवस लहान मुलाला मांडीवर घेऊ नका.

मला जे सहन होत नाही ते हे की यातला मोठा भाग टाळता आला असता. महिना-दीड महिना ताजं दूध प्यायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याला ना हॉस्पिटल लागतं ना औषध, गावात एक जीप आणि एक भोंगा पुरला असता. पण सांगायचं म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

बाकीचे आयसोटोप लांब पल्ल्याचे. स्ट्रॉन्शियम-९० शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं आणि हाडांत जाऊन बसतं, अर्धं आयुष्य २९ वर्षांच्या आसपास. सीझियम-१३७ चं ३० वर्षं, ते स्नायूंत जातं. म्हणजे १९५३ ला पडलेल्यातलं साधारण पाचावा हिस्सा अजून शिल्लक आहे. आणि प्लुटोनियम-२३९ चं अर्धं आयुष्य २४ हजार वर्षं, त्याबद्दल बोलायलाच नको, ते धुळीतून फुप्फुसात गेलं तर घातक.

केदार_ज
१९५३ च्या चाचणीबद्दल थोडी भर. १२ ऑगस्ट १९५३, ४०० किलोटन, सोव्हिएत शास्त्रज्ञ साखारोवच्या डिझाइनवरचा बॉम्ब. चाचणीला थोडेच दिवस राहिलेले असताना तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की टॉवरवर फोडला तर फॉलआउट लांबवर जाणार आणि त्याचा विचार कुणी केलेलाच नाही. मग एका अमेरिकन हँडबुकवरून घाईघाईत हिशोब केले आणि शेकडो ट्रक लावून हजारो लोकांना हलवलं. कारौलचे लोक सांगतात की गावातल्या चाळीसेक पुरुषांना मात्र मागेच ठेवलं होतं. कशासाठी ठेवलं याचं उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही.

आणि २२ नोव्हेंबर १९५५ ला १.६ मेगाटनचा विमानातून टाकला. त्या दिवशी हवेत तापमानाचा थर उलटा होता त्यामुळे धक्क्याची लाट अपेक्षेपेक्षा खूप दूर जोरात पोचली, एक लहान मुलगी आणि खंदकातला एक सैनिक असे दोघं जागीच गेले. साखारोव पुढे चाचण्यांच्या विरोधात का उभा राहिला त्याची सुरुवात इथे आहे असं मला वाटतं.

सदाशिव_रा
धागा माहितीपूर्ण आहे पण एकतर्फी होतोय असं प्रामाणिकपणे वाटतं म्हणून लिहितो, राग मानू नये. अमेरिकेने नेवाडात आणि पॅसिफिकमधे तेच केलं, ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात केलं, फ्रान्सने अल्जीरियात केलं. त्या काळात किरणोत्सर्गाची समज आजच्याइतकी नव्हती. दुसरं असं की त्या भागात दारू, तंबाखू, गरिबी, थंडी हे सगळं आहे, कॅन्सर जगभर होतो. प्रत्येक आजार बॉम्बच्या खात्यावर टाकला तर ज्यांना खरंच त्रास झाला त्यांचंही कुणी ऐकणार नाही.

रानजाई
सदाशिवराव, राग कशाला, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण समज नव्हती हे पटत नाही. १९५६ मधे फॉलआउटचा पट्टा सेमिपालातिन्स्कच्याही पलीकडे उस्त-कामेनोगोर्स्कपर्यंत गेला, तिथे ६०० च्या वर लोकांना तीव्र किरणोत्सर्गाच्या आजारासाठी हॉस्पिटलात भरती करावं लागलं अशी नोंद त्यांच्याच शास्त्रज्ञांच्या गुप्त अहवालात आहे. तो अहवाल लिहिणाऱ्यांना सगळं समजत होतं. त्यानंतर काय केलं, तर चाचण्या थांबवल्या नाहीत, तो दवाखाना क्रमांक ४ उघडला.

नेवाडाचं म्हणाल तर तिथेही लोकांना धोका नाही असंच सांगत होते, अगदी खरं. ९२८ चाचण्या झाल्या तिथे. पण १९९० मधे अमेरिकेने वाऱ्याच्या दिशेत राहणाऱ्यांसाठी भरपाईचा कायदा तरी केला. कमी केला, उशिरा केला, पण माफी मागून केला. एकाने केलं म्हणून दुसऱ्याचं चालून जातं असं मी तरी कुणालाच म्हणणार नाही.

किरण_प
सदाशिवराव, आजारांच्या मुद्द्यावर तुम्ही म्हणता ते संशोधकांनाही छळतं. अडचण कुठे आहे ते सांगतो.

एक म्हणजे डोसचे आकडे. डोलोनवरून गेलेला पट्टा जेमतेम काही किलोमीटर रुंद होता आणि त्याचा मधला भाग गावाच्या बाजूने गेला. अशा वेळी एका टोकाच्या घराचा डोस आणि दुसऱ्या टोकाचा डोस यात केवढा तरी फरक पडतो. म्हणून हिरोशिमा विद्यापीठातले लोक तिथे जाऊन जुन्या इमारतींच्या विटा घेऊन आले, विटेतल्या क्वार्ट्झमधे साठलेल्या ऊर्जेवरून डोस काढता येतो, तसंच पडलेल्या दातांच्या एनॅमलवरून. एवढं करूनही वेगवेगळ्या टीमचे आकडे जुळत नाहीत.

दुसरं, तुलना कुणाशी करणार? ज्यांना काहीच झालं नाही म्हणून ज्या गावांतले लोक तुलनेला घेतले त्यांच्यावरही थोडा फॉलआउट पडलेला असू शकतो. आणि सोव्हिएत संपताना दवाखाना क्रमांक ४ मधल्या बऱ्याच नोंदी मॉस्कोला गेल्या नाहीतर नष्ट झाल्या.

तरीही काही गोष्टी ठाम आहेत. दुब्रोवा आणि सहकाऱ्यांनी २००२ मधे तिथल्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांचा डीएनए तपासला, ज्यांच्यावर थेट फॉलआउट पडला त्या पिढीत एका विशिष्ट प्रकारच्या म्युटेशनचं प्रमाण सुमारे ८० टक्के जास्त आणि त्यांच्या मुलांमधे ५० टक्के जास्त सापडलं. आणि जे १९५० नंतर जन्मले त्यांच्यात ते उतरत गेलेलं दिसलं, हवेतल्या चाचण्या थांबल्या तसं. लक्षात घ्या, म्युटेशन म्हणजे आजार नव्हे, हा डीएनएचा असा भाग आहे की तिथल्या बदलाने सरळ आजार होतो असं नाही. पण आईबापांच्या पेशींपर्यंत काहीतरी पोचलं हे त्यातून दिसतं. कॅन्सरच्या अभ्यासातही जास्त डोसच्या गावांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. अमुक माणसाचा अमुक कॅन्सर बॉम्बमुळेच झाला हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि नेमका हाच पुरावा सरकारं माणसाकडे मागतात.

सदाशिव_रा
किरणसाहेब, समजावून सांगितलंत त्याबद्दल आभार. नोंदी मॉस्कोला गेल्या हे मला माहीत नव्हतं. नोंदी ज्याने ठेवल्या त्याच्याकडेच राहिल्या आणि पुरावा मात्र पेशंटने आणायचा, हे बरोबर नाही.

मृणाल_ठाणे
मला एक प्रश्न आहे आणि तो जरा घाईचा आहे. माझ्या भाचीला सेमेईला एमबीबीएसला ॲडमिशन मिळतेय, एजंटने फी वगैरे सगळं सांगितलं पण हे पॉलिगॉनचं अवाक्षर काढलं नाही. हा धागा वाचून ताईचे हातपाय गळालेत. पाठवावं की नाही?? कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

भटक्या_जय
मृणालताई, मी तिथूनच एमबीबीएस केलंय, मूळ लातूरचा. आपल्याकडची खूप मुलं आहेत तिथे, विदर्भ-मराठवाड्यातली तर विचारू नका.

आधी तुमचा प्रश्न. शहर पॉलिगॉनपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि आज शहरातलं बॅकग्राउंड रेडिएशन दुसऱ्या कुठल्याही साध्या शहरासारखंच आहे. हॉस्टेलमधे राहून शिकणाऱ्या मुलीला त्याने काही होणार नाही. तिला खरी काळजी थंडीची घ्यायला सांगा आणि परत आल्यावरच्या परीक्षेची. दस्तयेव्हस्कीला हद्दपार केल्यावर तो याच शहरात होता, त्याचं म्युझियम आहे, छान आहे, बघायला सांगा.

काय करायचं नाही ते पण सांगतो. पोरं हौसेने ॲटॉमिक लेकला जातात, गाडी ठरवून. नको. आणि माळावर काळे काचेसारखे खडे सापडतात, वितळलेली माती आहे ती, कुणी आठवण म्हणून दिले तर घ्यायचे नाहीत.

आमच्या कॉलेजात ॲनाटॉमीचा एक संग्रह आहे, त्यात व्यंग असलेली अर्भकं बरण्यांत ठेवलेली आहेत. बाहेरून येणारा प्रत्येक पत्रकार तिथे फोटो काढतो आणि खाली पॉलिगॉन लिहितो. आमचे एक सर नेहमी चिडायचे, म्हणायचे की अशी अर्भकं जगातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात आहेत, यातल्या एकेकाचं कारण कुणी तपासलेलं नाही. आणि तेच सर स्वतः अबाई जिल्ह्यातल्या गावचे होते, घरातली माणसं गेलेली होती त्यांची. त्यांना राग फोटोंचा नव्हता, लोक फोटो काढून जातात आणि गावात कुणी जात नाही याचा होता.

मृणाल_ठाणे
खूप खूप धन्यवाद जय. ताईला वाचून दाखवलं. ॲटॉमिक लेक म्हणजे काय पण? अणुभट्टीचं तळं का?

केदार_ज
नाही नाही. ते तळंच मुळात अणुस्फोटाने केलेलं आहे. १५ जानेवारी १९६५, चागान नावाची छोटी नदी आहे, तिच्या पात्रात १७८ मीटर खोल १४० किलोटनचा बॉम्ब पुरून फोडला. ४०० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल खड्डा पडला आणि मग नदीचं पाणी वळवून त्यात भरलं. कल्पना अशी की दुष्काळी भागात अणुस्फोटाने जलाशय बांधता येतील. अणुखात्याचा मंत्री स्लाव्स्की स्वतः त्या पाण्यात पोहला, लोकांना विश्वास वाटावा म्हणून.

आता यात मेख अशी की १९६३ चा करार झालेला होता, हवेत, पाण्याखाली, अंतराळात चाचणी करायची नाही, आणि जमिनीखाली केली तर किरणोत्सर्ग देशाच्या सीमेबाहेर जाता कामा नये. चागानचा ढग जपानमधे मोजला गेला. अमेरिकेने जाब विचारला. तळ्याच्या काठावरची माती, खड्ड्याचा जो वर आलेला ओठ आहे तो भाग, अजून किरणोत्सर्गी आहे. तिथे गुरं पाण्यावर येतात.

वैशाली_जोधपूर
आम्ही राजस्थानात राहतो म्हणून विचारते, पोखरणचं काय मग? १९७४ आणि १९९८. खेतोलाई गाव अगदी जवळ आहे, तिथले लोक कॅन्सरच्या, गुरांच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं करतायत.

किरण_प
वैशालीताई, पोखरणच्या सगळ्या चाचण्या जमिनीखालच्या, आणि संख्या सेमिपालातिन्स्कच्या तुलनेत अगदी थोडी. सरकारचं म्हणणं किरणोत्सर्ग बाहेर आला नाही असं आहे. मग प्रकार वेगळा आहे, उघड्या स्फोटासारखा पट्टा गावावर पडण्याचा प्रश्न येत नाही. पण एक गोष्ट तीच आहे. गावाची स्वतंत्र तपासणी करून तिचे आकडे गावाच्या हातात द्यावेत, बरे असले तरी द्यावेत. बरे आहेत म्हणून द्यायची गरज नाही असं म्हटलं की लोक विश्वास का ठेवतील?

जुना_ट्रॉम्बेकर
इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९५० च्या दशकात या सगळ्या देशांच्या चाचण्यांचा फॉलआउट आपल्याकडेही येत होता, आणि ट्रॉम्बेत हवेचे नमुने घेऊन तो मोजला जायचा. मार्शल बेटांवरच्या १९५४ च्या स्फोटानंतर नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत चाचण्या ताबडतोब थांबवा असं आवाहन केलं, कुठल्याही देशाच्या प्रमुखाने असं मांडायची ती पहिलीच वेळ. नंतर त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ डी. एस. कोठारींकडून अणुस्फोटांच्या परिणामांवर अभ्यास करून घेतला, तो १९५६ मधे छापून आला, सामान्य वाचकाला मिळेल असा. ज्या वर्षी उस्त-कामेनोगोर्स्कची माणसं हॉस्पिटलात होती आणि त्यांना कारण सांगितलं जात नव्हतं, त्याच वर्षी आपल्याकडे एक गरीब नवा देश हे सगळं छापून लोकांसमोर ठेवत होता. मला याचा अभिमान वाटतो आणि तो पुढे टिकला नाही याचं वाईटही वाटतं.

मी_शर्वरी
+१ काका. हे शाळेत शिकवायला हवं.

पण मग जमिनीखालच्या चाचण्या तरी सुरक्षित होत्या का? ३४० म्हणजे केवढ्या झाल्या.

तुषार_अ
शर्वरी, नाही. जमिनीखाली फोडला तरी झेनॉन-क्रिप्टॉनसारखे वायू भेगांतून वर येतात. फेब्रुवारी १९८९ मधे तसंच झालं, दोन चाचण्यांतून वायू बाहेर आले आणि वाऱ्याने चागान नावाच्या लष्करी वसाहतीवर गेले, तिथल्या मीटरवर दिसलं. ही बातमी ओल्झास सुलेमेनोव्ह या कवीपर्यंत पोचली. त्याचं टीव्हीवर लाइव्ह भाषण होतं, निवडणुकीला उभा होता तो, त्याने ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि थेट पॉलिगॉनबद्दल बोलला, लोकांना तेव्हाच्या राजधानीत, अल्मा-आतात (आताचं अल्माटी), लेखक संघाच्या इमारतीपाशी बोलावलं. २८ फेब्रुवारीला हजारो लोक जमले. तिथून नेवाडा-सेमिपालातिन्स्क चळवळ, नाव मुद्दाम असं की नेवाडातल्या मूळ रहिवाशांनाही तोच भोग आला होता. दहा लाखांच्या वर सह्या गोळा झाल्या. खाणकामगारांनी संपाची धमकी दिली. १९८९ साली १८ चाचण्या ठरल्या होत्या त्यातल्या ११ करताच आल्या नाहीत, शेवटची १९ ऑक्टोबरला झाली आणि मग कधीच नाही. सोव्हिएत लष्कराला चाचण्या थांबवायला लावणारी लोकांची चळवळ, विचार करा जरा.

आणि डोंगराची गोष्ट. पॉलिगॉनच्या आत डेगेलेन नावाचा डोंगर आहे, त्यात १८१ बोगदे खणून २०९ स्फोट केले. सोव्हिएत गेलं, सैन्य निघून गेलं, पॉलिगॉनचं मुख्यालय असलेलं कुर्चातोव्ह गाव निम्मं ओस पडलं, आजूबाजूच्या गावांत पगार नाहीत, काम नाही. मग लोक बोगद्यांत शिरायला लागले, तांब्याच्या केबल, रूळ, जे मिळेल ते भंगार काढून विकायला. पुढे तर सरळ यंत्रं घेऊन. काही बोगद्यांत प्लुटोनियम वापरलेले पण पूर्ण स्फोट न झालेले प्रयोग होते, म्हणजे बऱ्या अवस्थेतलं प्लुटोनियम तिथे नुसतं पडलेलं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेचे माजी संचालक हेकर तिथे गेले तेव्हा त्यांनी उंटांवरून तार काढणारे गरीब लोक दिसतील अशी अपेक्षा केली होती, दिसले ते मोठाल्या यंत्रांनी खणलेले मैलोगणती चर. मग अमेरिका, रशिया, कझाकस्तान तिघांनी मिळून गुपचूप १९९६ ते २०१२ असं काम केलं, बोगद्यांत खास काँक्रीट ओतून ते बंद केले. १५ कोटी डॉलर लागले. त्या भंगार काढणाऱ्यांची नोंद कुठे आहे, त्यांनी किती धूळ नाकातोंडात घेतली, ते मी कुठेच वाचलं नाही. तीही फॉलआउटचीच माणसं आहेत माझ्या मते.

रानजाई
तुषार, फार महत्त्वाचं लिहिलंस. मीही त्या मुलीशी बोलताना सारखं हेच विचारत होते की मग आता तिथे राहता येतं का, आणि तिचं उत्तर कधीच हो किंवा नाही असं नसायचं. ती विचारायची, कुठे? खरंच तसं आहे. राष्ट्रीय अणुकेंद्राच्या लोकांनी बरीच वर्षं खपून २०२१ पर्यंत सगळ्या मैदानाची तपासणी केली, बहुतेक जमीन ठीक आहे. पण जिथे नाही तिथे अजिबात नाही. पहिल्या स्फोटाची जागा, चागानचा काठ, डेगेलेनच्या बोगद्यांतून जे ओढे निघतात त्यांच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम येतं आणि काठच्या गवतात उतरतं. एक ४अ नावाची जागा आहे, तिथे बॉम्ब नाही तर किरणोत्सर्गी द्रव आणि भुकटी शत्रूवर कशी फवारायची याचे प्रयोग १९५० च्या दशकात केले, आणि तिथल्या वनस्पतींत स्ट्रॉन्शियम भयंकर आहे. वरून बघितलं तर सगळीकडे सारखंच गवत. बहुतेक सीमेला कुंपणच नव्हतं, मेंढ्या आणि घोडे कुठेही चरतात. म्हणून सरसकट सुरक्षित म्हणणाराही चुकतो आणि सरसकट विषारी म्हणणाराही. सरसकट विषारी म्हटल्यामुळे तिथल्या लोकांचं मांस-दूध बाजारात कुणी घेत नाही, मुलींची लग्नं जमताना गाव कुठलं ते विचारतात, तो त्रास वेगळाच.

सदाशिव_रा
भरपाईचं काय झालं? स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या सरकारने तरी काही केलं का?

भटक्या_जय
काका, १८ डिसेंबर १९९२ चा कायदा आहे. गावांचे धोक्याप्रमाणे झोन पाडले, कोण कुठल्या झोनमधे किती वर्षं राहिला त्यावर एकरकमी पैसे आणि एक सर्टिफिकेट, लोक त्याला पॉलिगॉनचा पासपोर्ट म्हणतात. जादा रजा, लवकर पेन्शन वगैरे सवलती. सरकारी हिशोबाने बाधित लोक १५ लाखांच्या आसपास. पैसे ९० च्या दशकात दिले तेव्हा महागाई एवढी होती की हातात येईपर्यंत त्याची किंमत उरली नाही.

मी इंटर्नशिपच्या वेळी गावच्या दवाखान्यात बसायचो तेव्हा यावरचीच भांडणं जास्त ऐकली. कायदा चाचण्यांच्या काळात तिथे राहिलेल्यांना धरतो, १९९१ नंतर जन्मलेल्या नातवंडांना ते सर्टिफिकेट नाही, आजार काहीही असो. आणि राहिल्याचा पुरावा कागदावर हवा. कोल्खोजचे (सामुदायिक शेताचे) रजिस्टर, शाळेचा दाखला, घराच्या नोंदी. जो मेंढपाळ आयुष्यभर मेंढ्यांमागे एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर गेला त्याच्याकडे कुठला कागद असणार? स्फोटाच्या दिवशी सगळ्यात उघड्यावर तोच होता.

मी_शर्वरी
आणि रशिया काहीच देत नाही?

केदार_ज
चाचण्या मॉस्कोने केल्या, जमीन आणि माणसं कझाकस्तानच्या वाट्याला आली. त्यामुळेच कझाकस्तान अण्वस्त्रबंदी करारात एवढा पुढे आहे, २०१९ मधे २९ ऑगस्टलाच मंजुरी दिली. त्या करारात कलम ६ आणि ७ आहेत, चाचण्यांनी बाधित झालेल्यांना मदत आणि जमिनीची सफाई, ते पुढे रेटायचं काम कझाकस्तान आणि पॅसिफिकमधला किरिबाती हे दोघं मिळून करतायत. पण ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यातल्या एकानेही त्यावर सही केलेली नाही, आपणही नाही.

भटक्या_जय
अजून एक सांगायचं राहिलं. दवाखाना क्रमांक ४ बंद नाही झाला. १९९१ नंतर त्याचीच संस्था झाली, रेडिएशन मेडिसिन आणि इकॉलॉजीची, सेमेईतच आहे, आणि तीच संस्था आता उरलेल्या जुन्या नोंदींवरून बाधितांचं रजिस्टर ठेवते. १९५६ चा तो अहवाल तिथेच सापडला. मृणालताई, भाची आली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाला तिला तिकडे जाऊन यायला सांगा. रशियन तोवर येत असेल तिला.